सेझानची बाटली वाकडी का? पाश्चात्त्य आधुनिक चित्रकला शिकायला बसणाऱ्यांसाठी

इंटरमीजिएटची चित्रकला परीक्षा दिलेल्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल. टेबलावर चुरगळलेली चादर, तिच्यावर तांब्या, काचेची बाटली, दोन-चार फळं. बाटलीच्या मधोमध पुसट उभी रेषा मारायची, दोन्ही अंगं सारखी उतरली का ते पेन्सिल आडवी धरून मोजायचं. टेबलाची कड चादरीच्या एका बाजूने आत शिरली की दुसऱ्या बाजूने त्याच रेषेत बाहेर यायला हवी. आमचे सर ती कड पट्टी लावून तपासायचे. पॉल सेझान त्या हॉलमध्ये बसला असता तर ‘सी’ ग्रेड घेऊन घरी गेला असता.

त्याच्या ‘सफरचंदांची टोपली’ या चित्रात बाटली कललेली आहे, टोपली कोणीतरी ओतायला घेतल्यासारखी तिरपी आहे, आणि टेबलाची कड चादरीखाली शिरते एकीकडे, निघते भलतीकडे. आणि मातीस, पिकासो, ब्राक या पुढच्या पिढीच्या बिनीच्या चित्रकारांनी गुरू मानलं ते याच माणसाला. का, हे समजलं की आधुनिक चित्रकलेचं निम्मं कुलूप उघडतं असं माझं मत आहे.

माझी स्वतःची सुरुवात मात्र चुकीच्या टोकाने झाली. कला-इतिहासाच्या पेपरासाठी मी ‘वाद’, म्हणजे चित्रकलेतले ‘इझम’, घोकले होते. साल, नाव, चार वैशिष्ट्यं, तीन चित्रकार. मार्क बरे पडले. वर्षभराने एका ओळखीच्यांच्या दिवाणखान्यात ब्राकच्या चित्राची मोठी छापील प्रत लावलेली होती. ‘तू शिकलीयेस ना, मग हे काय आहे सांग,’ असं काकूंनी विचारलं आणि मला तो घनवाद की भविष्यवाद, तेही सांगता येईना. वाद पाठ होते, चित्रं डोळ्यांखालून गेलीच नव्हती. म्हणून खालचा क्रम उलटा लावला आहे. आधी चित्र, मग त्या चित्रामागचं भांडण, आणि वादाचं नाव सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: एक चित्र, अर्धा तास

‘सफरचंदांची टोपली’ शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. साधारण 1893 चं, तैलरंगातलं, 65 बाय 80 सेंटिमीटर. म्हणजे कॅरम बोर्डापेक्षा जरा लहान. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून त्याची मोठी प्रत फुकट उतरवून घेता येते. मोबाइलवर बघू नका, लॅपटॉप किंवा टीव्हीचा पडदा वापरा, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिली दहा मिनिटं फक्त यादी करा. वहीत लिहा: वेताची टोपली, तिच्याखाली टेकू, पांढरं कापड, सफरचंदं (मोजा), बाटली, ताटलीत आडवी-उभी रचलेली लांबट बिस्किटं. ‘सुंदर’, ‘गूढ’, ‘अस्वस्थ करणारं’ असले शब्द अजिबात नकोत. ते नंतर येतात आणि बरेचदा ते आपले नसतातच, कुठेतरी वाचलेले असतात.

पुढची दहा मिनिटं पेन्सिलीने तेच चित्र वहीत काढा. खोडरबर वापरायचा नाही. चित्रकला येत नसली तरी काढा, ही नक्कल कोणाला दाखवायची नाही. गंमत अशी की हात अडतो तिथेच सेझानने काहीतरी करून ठेवलेलं असतं. टोपली काढताना अडाल, ही अशी उभी कशी राहिली म्हणून. बिस्किटांपाशी अडाल, कारण खालची बिस्किटं बाजूने दिसतात आणि वरची थोडी वरून बघितल्यासारखी. आणि टेबलापाशी तर नक्कीच अडाल.

शेवटच्या दहा मिनिटांत आमच्या सरांची पट्टी घ्या. पडद्यावर टेबलाच्या डाव्या कडेला लावा आणि चादरीवरून उजवीकडे न्या. दोन्ही कडा एका रेषेत येत नाहीत. कोणती वर, कोणती खाली, हे मी सांगत नाही. पट्टी तुमच्या हातात आहे.

त्याला येत नव्हतं म्हणून असं झालं का? सेझानने तरुणपणी नग्नाकृतींची रीतसर रेखाटनं केली होती, लूव्रमध्ये जुन्या उस्तादांच्या नकला केल्या होत्या. सरळ बाटली काढणं त्याला जड नव्हतं. पण तो एक वस्तुचित्र दिवसच्या दिवस रंगवत बसायचा. माणूस इतका वेळ बसला की मान हलते, खुर्ची सरकते, एकदा बाटलीकडे बघतो तो क्षण वेगळा आणि ताटलीकडे बघतो तो वेगळा. कॅमेऱ्याला एकच डोळा आणि एकच क्षण असतो, आपल्याला दोन डोळे आणि अख्खी दुपार. सेझानने ती दुपार चित्रात ठेवली. प्रत्येक वस्तू तिच्या तिच्या नजरेतून आली, आणि मग त्या सगळ्यांचा तोल रंगांनी सांभाळला. बाटली सरळ करून बघा (वहीत करा, चित्रात नको), टोपली लगेच घरंगळेल.

तो आपल्या चित्रांवर क्वचितच सही करायचा. या चित्रावर सही आहे. 1895 साली पॅरिसमध्ये आंब्र्वाझ व्होलार या चित्रविक्रेत्याने त्याचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, त्यात हे होतं. सेझान तेव्हा 56 वर्षांचा होता.

दुसरी पायरी: मागे जा

चित्रकार एकटा काही करत नाही. तो कोणाला तरी उत्तर देत असतो. सेझान कोणाला देत होता?

त्यासाठी 15 एप्रिल 1874 या दिवसापाशी जा. पॅरिसच्या बुलव्हार दे कापुसीनवर नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत तीसेक चित्रकारांनी स्वतःच्या जबाबदारीवर प्रदर्शन भरवलं. सरकारी ‘सालाँ’ प्रदर्शनात परीक्षक नको म्हणतात, तर आपण आपलं मांडू, एवढा सरळ हिशेब. मॉने, दगा, रन्वार, पिसारो, बर्त मॉरिझो, आणि हो, सेझानही. मॉनेच्या धुकट बंदराच्या चित्राचं नाव होतं ‘इम्प्रेशन, सूर्योदय’. लुई लरुआ या टीकाकाराने त्यावरून टिंगल केली आणि तीच टिंगल पुढे चळवळीचं नाव झाली. मराठीत आपण तिला दृक्प्रत्ययवाद म्हणतो.

इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो तो माने आणि मॉने यांच्यात. एद्वार माने आणि क्लोद मॉने. मराठीत तर दोन्ही आडनावंच वाटतात, एक साताऱ्याकडचं, एक पुण्यातलं. लक्षात ठेवायला सोपं: माने वडीलधारा. 1863 साली त्याच्या ‘गवतावरचं भोजन’ या चित्रावरून आणि 1865 साली ‘ऑलिंपिया’वरून पॅरिसमध्ये गदारोळ झाला. मॉने त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. आणि दृक्प्रत्ययवाद्यांनी मानेला मानलं तरी त्यांच्या आठही प्रदर्शनांपैकी एकातही तो सामील झाला नाही.

हे सगळं त्याच काळात का घडलं, याची कारणं अगदी बाजारातली आहेत आणि ती मला वादांच्या व्याख्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटतात. 1839 साली दागेरोटाइप ही छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, म्हणजे हुबेहूब चेहरा हवा तर यंत्र आलं. 1841 साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने दाबून रंग काढायच्या कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे. ती टोचून रंग काढायचा आणि भोक बुजवत बसायचं. ट्यूब आली, रेल्वे आली, आणि चित्रकार सकाळची गाडी पकडून नदीकाठी जाऊन उन्हात उभं राहून तैलचित्र करू लागला. ऊन सतत सरकतं, म्हणून फटकारे तुटक आणि घाईचे. छाया काळी न दिसता निळी-जांभळी दिसते हे त्यांना उघड्यावर कळलं.

सेझानची तक्रार इथून सुरू होते. तो पिसारोबरोबर पॅरिसजवळच्या पाँत्वाझला राहून उघड्यावर रंगवायला शिकला, त्यांच्या दोन प्रदर्शनांत सामील झाला. पण सगळंच जर ऊन आणि वाफ असेल तर डोंगराचं वजन कुठे गेलं? त्याला तो नवा रंग हवा होता आणि जुन्या चित्रांचा भक्कमपणाही. त्याची सफरचंदं हातात घेतली तर जड लागतील अशी आहेत. मॉनेची गवताची गंजी त्यांच्या शेजारी ठेवून बघा, भांडण डोळ्यांना दिसेल.

तिसरी पायरी: आता पुढे

1899 साली हात तंगीत असलेल्या आंरी मातीसने व्होलारकडून सेझानचं छोटं चित्र विकत घेतलं, ‘तीन स्नानसुंदरी’. पैशाची ओढाताण असूनही ते विकलं नाही. 37 वर्षं जवळ ठेवलं आणि 1936 साली पॅरिसच्या पती पाले संग्रहालयाला देऊन टाकलं. त्याने सेझानकडून उचललं ते हे की रंगानेच चित्र बांधता येतं. 1905 च्या शरद-प्रदर्शनात त्याचं ‘टोपी घातलेली स्त्री’ लागलं, तेव्हा चित्रातल्या त्याच्या बायकोच्या नाकावर हिरवा रंग बघून लोक खवळले. लुई व्होसेल या समीक्षकाने त्या दालनातल्या चित्रकारांना ‘रानटी श्वापदं’ म्हटलं, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘फोव्ह’. मराठी परिभाषेत रंगभारवाद, जो शब्द मला मूळ शिवीपेक्षा फारच सभ्य वाटतो.

ब्राकने दुसरं टोक धरलं. 1908 च्या उन्हाळ्यात तो मुद्दाम दक्षिण फ्रान्समधल्या लेस्ताकला गेला, जिथे सेझानने वर्षानुवर्षं निसर्गचित्रं केली होती. तिथली घरं त्याने खोक्यांसारखी एकावर एक चढवली, दारं-खिडक्यांशिवाय. प्रदर्शनासाठी ती नाकारली गेली, मग कानवायलर या तरुण विक्रेत्याने आपल्या दुकानात लावली. समीक्षक पुन्हा तेच व्होसेल. या वेळी त्यांनी सगळं ‘घनां’त मोडून टाकल्याची तक्रार केली. एकाच माणसाच्या नाकं मुरडण्यातून दोन चळवळींची नावं निघाली. असा समीक्षक मिळायला भाग्य लागतं.

पिकासोने 1907 साली ‘आव्हिन्याँच्या तरुणी’ रंगवलं, तेव्हा तो 25 वर्षांचा होता. पाच नग्न स्त्रिया, उजवीकडच्या दोघींचे चेहरे मुखवट्यांसारखे. सेझानच्या स्नानसुंदरी, स्पेनमधली जुनी आयबेरियन शिल्पं, पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयातले आफ्रिकन मुखवटे, सगळं त्यात उकळतंय. हे मुखवटे फ्रान्समध्ये कसे पोचले, हा वसाहतींचा इतिहास आहे आणि तो या चित्राच्या अभ्यासातून वगळता येत नाही. पिकासोने हे चित्र बरीच वर्षं स्टुडिओतच ठेवलं, जाहीरपणे ते 1916 साली लागलं.

आता टोपलीतल्या त्या बिस्किटांकडे परत या. खालची बाजूने दिसणारी, वरची वरून. ब्राक आणि पिकासोने पुढच्या चार-पाच वर्षांत केलं ते हेच, फक्त अख्ख्या चित्रभर. व्हायोलिन एकाच वेळी पुढून, बाजूने आणि आतून. 1912 साली पिकासोने वेताच्या खुर्चीची नक्षी छापलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं आणि लंबगोल चौकटीभोवती सुंभ गुंडाळला. खुर्ची रंगवायची कशाला, छापलेली मिळते की.

इथपर्यंत आलात की घनवाद कळला. व्याख्या आता वाचा, पटकन समजेल.

चौथी पायरी: नाव कोणी ठेवलं, ते लिहा

वहीत प्रत्येक चळवळीपुढे एक रकाना ठेवा: नाव बाहेरच्यांनी दिलं की स्वतः घेतलं? वर आलेली तिन्ही नावं टिंगलीतून आली. त्या चित्रकारांनी जाहीरनामा काढला नव्हता. उलट भविष्यवाद (फ्यूचरिझम) 20 फेब्रुवारी 1909 च्या ‘ल फिगारो’ दैनिकात मारिनेत्ती या इटालियन कवीच्या जाहीरनाम्याने जन्मला, तेव्हा दाखवायला चित्रंसुद्धा धड नव्हती. अतिवास्तववादाचा जाहीरनामा आंद्रे ब्रताँ या फ्रेंच कवीने 1924 साली काढला आणि पुढे मतभेद झाले की लोकांना गटाबाहेर काढलं. हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात चित्रांपासून सुरुवात करा, दुसऱ्यात जाहीरनामा आधी वाचा आणि मग चित्रकार तो पाळतात का ते बघा. बरेचदा पाळत नाहीत.

मराठी आणि मूळ, दोन्ही नावं लिहा: दृक्प्रत्ययवाद म्हणजे इम्प्रेशनिझम, घनवाद म्हणजे क्यूबिझम, अभिव्यक्तिवाद म्हणजे एक्स्प्रेशनिझम, अतिवास्तववाद म्हणजे सर्रिअ‍ॅलिझम. मराठी विश्वकोशात यांवर चांगल्या नोंदी आहेत आणि त्या ऑनलाइन फुकट वाचता येतात. चित्रकारांच्या नावांचे उच्चार मात्र दर पुस्तकात वेगळे मिळतील, गोगँ-गोगां, व्हॅन गॉग-व्हान गॉख. त्यावर वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नका.

एक सावधगिरी. 1936 साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टचे संचालक आल्फ्रेड बार यांनी एका प्रदर्शन-ग्रंथाच्या वेष्टणावर बाणांचा तक्ता छापला. या वादातून तो वाद, सगळे बाण खाली अमूर्ताकडे. आजही बहुतेक पाठ्यपुस्तकं त्याच तक्त्याची नातवंडं आहेत. तक्ता उपयोगी आहे, पण त्यात हिल्मा आफ क्लिंट नाही. या स्वीडिश बाईने 1906 पासून अमूर्त चित्रं केली, अमूर्त चित्रांचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्या कँडिन्स्कीच्या आधी, आणि मृत्यूनंतर वीस वर्षं ती दाखवू नयेत असं सांगून ठेवलं. ती जगापुढे आली ती 1986 साली. तक्त्यात पेन्सिलीने जागा ठेवा.

पाचवी पायरी: एकाच चित्रकाराची तीन झाडं

पीट माँद्रियान म्हटलं की लाल-निळ्या-पिवळ्या चौकटी आणि काळ्या पट्ट्या. शाळेच्या भिंतींपासून साडीच्या काठापर्यंत त्याची नक्कल झाली आहे. थेट ती चित्रं बघितली तर ‘यात काय एवढं’ असंच वाटणार. म्हणून आधी झाडं बघा: ‘लाल झाड’ (1908-10), ‘करडं झाड’ (1911), ‘फुललेलं सफरचंदाचं झाड’ (1912). तिन्ही द हेगच्या कुन्स्टम्यूझियममध्ये आहेत.

पहिल्यात निळ्या संध्याकाळी पेटल्यासारखं लाल झाड आहे, व्हॅन गॉगची आठवण करून देणारं. दुसऱ्यात रंग गेला, फांद्यांच्या कमानी उरल्या, आणि फांद्यांमधल्या पोकळीलाही फांदीइतकंच वजन आलं. मधल्या काळात काय झालं? 1911 साली अ‍ॅमस्टरडॅमला त्याने पिकासो-ब्राकची घनवादी चित्रं बघितली आणि लवकरच पॅरिस गाठलं. तिसऱ्यात नाव वाचल्याशिवाय झाड सापडत नाही.

पातळ ट्रेसिंग पेपर घेऊन तिन्ही चित्रांवरून फक्त ठळक रेषा गिरवा आणि तीन कागद एकावर एक ठेवून खिडकीवर धरा. हा उद्योग वीस मिनिटांचा आहे. त्यानंतर चौकटी आणि पट्ट्यांची चित्रं बघा. ती भूमितीच्या तासातून आलेली नाहीत, झाडावरून उतरलेली आहेत, हे कोणी सांगावं लागत नाही. आणि मग त्याचं शेवटच्या काळातलं, न्यूयॉर्कमध्ये केलेलं ‘ब्रॉडवे बूगी वूगी’ (1942-43). सत्तरीच्या माणसाने काळ्या पट्ट्या काढून टाकल्या आणि पिवळ्या रेघांवर चौकोन नाचवले.

सहावी पायरी: माप जमिनीवर मांडा

पुस्तकात प्रत्येक चित्र तळहाताएवढं असतं, आणि हा पुस्तकांचा मोठा खोटेपणा आहे. दालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र (1931) आहे 24 बाय 33 सेंटिमीटर, ए-फोर कागदाहून किंचित मोठं. पिकासोचं ‘गेर्निका’ साधारण 3.5 मीटर उंच आणि 7.8 मीटर रुंद. गच्चीवर खडूने तेवढा आयत आखा. त्याच्या मध्यावर उभं राहून दोन्ही टोकं एका नजरेत येतात का बघा. 26 एप्रिल 1937 रोजी बास्क प्रांतातल्या गेर्निका गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले, आणि त्याच उन्हाळ्यात पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात, स्पेनच्या दालनात, ही भिंतच्या भिंत उभी राहिली. काळा, पांढरा, करडा, वर्तमानपत्राच्या छायाचित्रासारखा. हे चित्र मोबाइलवर बघणं म्हणजे किल्ला पोस्टाच्या तिकिटावर बघणं.

सातवी पायरी: पत्रं वाचा

चित्रकारांची चरित्रं मी नवख्यांना सुचवत नाही. व्हॅन गॉगचा कान, पिकासोच्या बायका, पोलॉकची दारू यातच ती अडकतात. पत्रं वाचा. व्हिन्सेंट व्हॅन गॉगची 800 हून जास्त पत्रं उपलब्ध आहेत, त्यातली बहुतेक भाऊ थिओला लिहिलेली, आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्यूझियमने ती इंग्रजी भाषांतरासह इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत.

ऑक्टोबर 1888 मधलं एक पत्र घ्या, ज्यात तो आपल्या आर्लच्या खोलीच्या चित्राबद्दल लिहितो. भिंती फिक्या जांभळ्या, फरशी लाल, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या, पांघरूण शेंदरी, दरवाजे जांभळट. आता शेजारी चित्र उघडा. भिंती चक्क निळ्या आहेत! दरवाजेही निळे. तो खोटं सांगत नव्हता. त्याने वापरलेला लाल रंग उजेडाने उडाला आणि जांभळ्यातला फक्त निळा मागे राहिला. जांभळ्यासमोर पिवळा ठेवून, परस्परविरोधी रंगांतून विश्रांती दाखवायचा त्याचा बेत होता. आपण बघतो ते वेगळंच चित्र आहे. या एका पत्राने मला चित्र ही झिजणारी वस्तू आहे हे जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्याच तासाला शिकवलं गेलं नाही.

आठवी पायरी: ‘हे तर आमचा बंड्यासुद्धा काढेल’

हा आक्षेप मनात येणारच. तो दाबू नका, तारीख विचारा.

डिसेंबर 1915, पेत्रोग्राद. काझिमीर मालेविचने पांढऱ्यावर एक काळा चौकोन रंगवला आणि प्रदर्शनात तो दोन भिंतींच्या कोपऱ्यात, वर, छताला लागून टांगला. रशियन घरात त्या कोपऱ्यात देवाची तसबीर असते. आपल्याकडे कोणी देवघरातला टाक काढून तिथे काळी पाटी ठेवली तर घरात जे होईल, ते डोळ्यासमोर आणा. बंड्या चौकोन काढेल, हो. तो 1915 च्या रशियात त्या कोपऱ्यात लावायचं त्याला सुचणार नाही.

एप्रिल 1917, न्यूयॉर्क. सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्सने जाहीर केलं की 6 डॉलर भरा, परीक्षक नाहीत, प्रत्येकाचं काम लागेल. मार्सेल द्यूशाँने चिनी मातीची मुतारी विकत घेतली, आडवी केली, ‘आर. मट’ अशी सही ठोकून, ‘कारंजं’ नाव देऊन पाठवली. तो स्वतः त्या संस्थेच्या संचालक मंडळावर होता. नियमानुसार घ्यायला हवी होती, मंडळाने नाकारली, द्यूशाँने राजीनामा दिला. मूळ वस्तू हरवली, छायाचित्रकार स्टीग्लिट्झने काढलेलं छायाचित्र राहिलं. संग्रहालयांत दिसतात त्या नंतर केलेल्या प्रतिकृती, बहुतेक 1964 मधल्या. मला स्वतःला ती मुतारी बघायला फारशी आवडत नाही, पण तो सापळा किती नेमका लावला होता याला दाद द्यावीच लागते. दादावाद (डाडा), म्हणजे कलेच्या रूढ कल्पनांची थट्टा करणारी चळवळ, अशा सापळ्यांनी भरलेला आहे. झुरिकच्या काबारे व्होल्तेरमध्ये 1916 साली तो सुरू झाला तेव्हा बाहेर महायुद्ध चालू होतं, आणि शहाण्यासुरत्या लोकांनी चालवलेलं ते युद्ध बघून यांनी वेडेपणाच पत्करला.

पोलॉकच्या ओघळलेल्या रंगांच्या चित्रांसाठी (1947-50) वेगळा उपाय आहे. जुनं वर्तमानपत्र जमिनीवर पसरा, पातळ केलेला रंग काडीने त्यावर सोडा, आणि कुठेच गचका न होता, कुठेच मोकळं न राहता दोन फुटांचा कागद भरून दाखवा. मी तीनदा केलं. तिन्ही वेळा चिखल झाला.

नववी पायरी: नकाशा

हे थोडक्यात. चळवळींचे पत्ते लिहा: पॅरिस, ड्रेस्डेन (1905, ‘ब्रुक’ गट), म्यूनिक (1911, कँडिन्स्की आणि फ्रान्झ मार्क यांचा ‘निळा स्वार’), वायमार (1919, बाउहाउस ही कला-शाळा). 1933 साली नाझींच्या दबावाखाली बाउहाउस बंद पडलं. 1937 साली म्यूनिकमध्ये आधुनिक चित्रं ‘अधःपतित कला’ म्हणून थट्टेसाठी टांगली गेली. चित्रकार पळाले, बरेचसे न्यूयॉर्कला. युद्धानंतरची मोठी चित्रकला अमेरिकेत घडण्यामागे हेही एक कारण आहे. पोलॉक, रॉथको आणि मग 1962 साली अँडी वॉरहॉलचे सूपचे 32 डबे त्याच नकाशावर येतात.

त्या नकाशावर कोलकाताही टाका. डिसेंबर 1922 मध्ये इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसमधून आलेली पॉल क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांची कामं लागली होती.

दहावी पायरी: मुंबईत काय बघायचं

सेझानचं मूळ चित्र बघायला आपल्याला विमानाचं तिकीट लागतं. पण तो धागा इथपर्यंत आलेला आहे. 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. त्यात गोव्याच्या साळगावचा सूझा, पंढरपुरात जन्मलेले हुसेन, नागपूर आणि जे. जे. मध्ये शिकलेले रझा, शिवाय आरा, गाडे, बाक्रे. 1948 साली काश्मीरमध्ये रझांची निसर्गचित्रं छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी बघितली आणि म्हणाले, रंग आहे पण बांधणी नाही, सेझानचा अभ्यास कर. रझा 1950 साली फ्रान्सला गेले. त्यांची त्याआधीची जलरंगातली शहरं आणि नंतरची गावांची घरं शेजारी ठेवा. टोपली आणि टेबल तिथेही सापडेल.

नागपूरला जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडे क्लेकडे ओढले गेले. पुढे 1964 साली न्यूयॉर्कला गेले तेव्हा त्यांनी रॉथकोची भेट घेतली. ते रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे. छापील प्रतीत ते थर मरतात, म्हणून गायतोंडे मूळच बघावे लागतात. मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये किंवा एखाद्या लिलावापूर्वीच्या प्रदर्शनात त्यांचं चित्र लागलं आहे असं कळलं तर रजा टाकून जा. आधी समोर दहा पावलांवरून, मग बाजूने, भिंतीला जवळजवळ गाल लावून, उजेड थरांवरून कसा घसरतो ते बघायला. राखणदार हटकेल, मागे सरका, पुन्हा जा. वही न्या, पण पेन नको. बहुतेक संग्रहालयांत पेन्सिलच चालते.